शिकवलेला हात

खडकवस्तीच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी सकाळपासून भांडण चालू होतं, आणि भांडणाचं कारण होती एक करंगळी.

करंगळी तीन हजार वर्षांपूर्वीची. तिचं हाड कुणाला सापडलं नव्हतं. सापडली होती ती फक्त जागा, जिथे करंगळीने ओली माती दाबायला हवी होती आणि दाबली नव्हती. आता एवढ्यावरून दोन शहाणी माणसं चहा थंड करत तासभर भांडतात, याला तुम्ही काय म्हणाल? पण पुरातत्त्व असंच असतं. तिथे राजे आणि लढाया कमी, खापरं जास्त.

"सर, यंत्र नीट आहे," डॉ. निलोफर मुजावर पुन्हा म्हणाली. ती मिरजेची. चिडली की तिच्या बोलण्यातून मिरज डोकावायची. "सगळ्यात खालच्या थरातलं तोटीचं भांडं आणि सगळ्यात वरच्या थरातलं भांडं, दोन्ही एकाच माणसानं केल्यात. बाई असेल, बाप्या असेल, मला ठाऊक नाही. पण माणूस एकच."

"त्या दोन थरांमध्ये दोनशे वर्षांचं अंतर आहे गं बाई," डॉ. श्रीरंग इंगवले म्हणाले. "दोनशे वर्षं जगलेली कुंभारीण मी कुठून आणू?"

"ते तुमचं तुम्ही बघा की. थर तुम्ही मोजता. मी बोटं मोजते."

निलोफरचं यंत्र म्हणजे स्पर्शवाचक. त्याची कल्पना सांगायला सोपी आहे. ओल्या मातीवर बोट फिरतं तेव्हा मातीचे बारीक कण बोटाखाली एका दिशेने लवतात. किती लवतात ते दाबावर ठरतं, वेगावर ठरतं, स्नायूंच्या थरथरीवर ठरतं. मग भांडं आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजलं जातं आणि ते कण आहेत तसे कायमचे थिजतात. स्पर्शवाचक हे कण वाचायचा आणि उलटं गणित मांडायचा, की कुठलं बोट किती दाबलं, मनगट कधी वळलं, अंगठा कुठे अडला. या सगळ्याला मिळून निलोफरने नाव दिलं होतं, हस्तठसा. माणसाची चाल जशी लांबून ओळखू येते तसाच त्याचा हस्तठसाही. एकाचा दुसऱ्यासारखा नसतो, निदान त्या सकाळपर्यंत सगळ्यांची तशी समजूत होती.

आणि खडकवस्तीच्या टेकाडातून निघालेल्या सगळ्या चांगल्या भांड्यांवर, सगळ्या थरांमध्ये, एकच हस्तठसा होता. उजवी करंगळी मेल्यासारखी. ती मातीला टेकायची, पण दाबायची नाही.

इंगवले उठले. प्रवरेकडच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, परत आले, परत गेले. त्यांना काही सुचायला लागलं की त्यांचं असं व्हायचं. मग एकदम निलोफरच्या मागे येऊन म्हणाले, "चाकापाशी बस. तो मातीचा गोळा घे. हात ठेव त्याच्यावर."

तिने हात ठेवले. इंगवल्यांनी मागून आपले हात तिच्या हातांवर ठेवले आणि पायाने चाक फिरवलं.

"काय वाटतंय?"

"तुम्ही दाबता तिथं माझी बोटं दबत्यात."

"आणि मी दाबत नाही तिथे?"

निलोफरने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग "या अल्ला!" म्हणून तिने मान मागे वळवली.

"हेच!" इंगवले जवळजवळ ओरडलेच. "माती तोंडाने शिकवता येत नाही. हात धरून शिकवतात. एक दिवस नाही, वर्षानुवर्षं. कुणी एक बाई होती, तिची करंगळी अधू होती. तिने लेकीचे हात धरले. लेकीची करंगळी चांगली धडधाकट होती, पण आईच्या करंगळीचा दाब वरून कधी आलाच नाही, म्हणून लेकीची करंगळीही दाबायला शिकली नाही. त्या लेकीने पुढे तिच्या लेकीचे हात धरले. माणसं सात-आठ असतील, हात मात्र एकच. ती पहिली बाई कधीच माती झाली असेल, तिचं दुखणं मात्र दोनशे वर्षं टिकलं."

पडताळा लगेच मिळाला. त्याच टेकाडात एका घराच्या जमिनीखाली लहान मुलाचं दफन निघालं होतं. त्या काळी मूल गेलं की दोन रांजण आडवे ठेवून तोंडाला तोंड लावत आणि मूल त्यात निजवत. या रांजणात मुलाच्या हाडांजवळ एक वाकडीतिकडी वाटी होती. स्पर्शवाचकाखाली ती वाटी ठेवली, तर ठसा कुणाशीच जुळेना. बोटं इवलीशी, दाब कसाही, आणि करंगळी मस्त रुतलेली.

"ह्याला अजून कुणी शिकवलं नव्हतं," निलोफर हळूच म्हणाली.

"हो. अजून धरले नव्हते हात कुणी." इंगवल्यांनी चष्मा काढून पुसला.

सिद्धांत गाजला. इंगवल्यांची व्याख्यानं झाली, लोकांनी तोंडात बोटं घातली. आणि निलोफर पुढच्या यंत्राच्या मागे लागली. ठसा वाचता येतो, मग तो दुसऱ्याच्या हाताला जाणवून का देता येऊ नये? वर्षभर खपून तिने एक हातमोजा तयार केला. त्याच्या आत केसासारख्या बारीक तारा होत्या, त्या आखडायच्या आणि सैल व्हायच्या. त्याचं नाव प्रतिहात.

"पण नीट समजून घ्या," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "आधी मी असा केला होता की सगळी हालचाल तोच करायचा. घालणाऱ्याचा हात विरोध करायचा, मनगटं लचकायची. आता हा फक्त फरक सांगतो. तुमचा हात आणि भांडं करणाऱ्याचा हात, जिथं वेगळा पडतो तिथं हा ढकलतो. बाकी वेळ गप्प. आपल्या बरोबरीनं चालणारा माणूस आपल्याला जाणवतो का? पाऊल वेगळं पडलं की खांद्याला खांदा लागतो, तेव्हा कळतं."

इंगवल्यांनी प्रतिहात चढवला. त्या मृत करंगळीने त्यांची करंगळी मातीवरून उचलली. इतक्या स्पष्टपणे उचलली की त्यांच्या अंगावर काटा आला. तीन हजार वर्षांपूर्वीची बाई त्यांचा हात धरून सांगत होती, असं नाही, असं.

त्यांनी मोजा काढला, घडी केली, परत उलगडला. मग विचारलं, "अलीकडच्या भांड्यावर चालेल हे?"

"चालेल की. भाजलेलं असलं म्हणजे झालं. कुणाचं भांडं?"

"केतकीचं."

निलोफरने मान खाली घातली. केतकी इंगवले तिची मैत्रीण होती.

केतकी ही श्रीरंग आणि उज्ज्वला इंगवल्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून वडिलांच्या चाकापाशी वाढली आणि मोठी होऊन त्यांच्याच प्रयोगशाळेत कामाला लागली. जुनी भांडी जशी बनवत तशीच, त्याच मातीची, त्याच पद्धतीने बनवून पाहायची, म्हणजे जुन्या लोकांचं तंत्र कळतं. या कामात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. मग आदल्या पावसाळ्याच्या शेवटी तिला डेंग्यू झाला. साधा ताप म्हणून अंगावर काढला, आणि इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला. बस्स. एवढंच. असल्या मरणाला काही अर्थ नसतो आणि तो शोधायलाही जाऊ नये.

मागे राहिली ती दोन माणसं एका घरात राहत होती, पण बोलत नव्हती. भांडण नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. 'जेवायला वाढू का', 'गॅस संपलाय', एवढंच. उज्ज्वला एकदाच बोलली होती, "तुझ्याकडे तिची भांडी तरी आहेत श्रीरंग. फळीभर आहेत. माझ्याकडे काय आहे? तिची ओढणी आहे, तिचा वाससुद्धा गेला आता." आता इंगवल्यांकडे त्याला उत्तर होतं. केतकीचा हात ते तिच्या आईच्या हातात देणार होते. त्यांना दुसरं काहीच नको होतं.

"मला असले भुताटकीचे खेळ नकोत," उज्ज्वला म्हणाली. ती भाजी निवडत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"भूत कसलं त्यात? तिच्या बोटांनी मातीत जे केलं तेवढंच. एकदा ये गं. नाही आवडलं तर परत म्हणणार नाही."

"आणि आवडलं तर? मग काय, रोज जायचं?"

"रोज जाऊ."

तिने भाजी बाजूला सारली. इतक्या महिन्यांत नवऱ्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, हे तिच्याही लक्षात आलं असावं.

ती आली. हातातलं घड्याळ काढलं, बांगडी काढली, हात धुतले. उज्ज्वला फिजिओथेरपिस्ट. तीस वर्षं लोकांचे मोडलेले, आखडलेले हात चालते करत आलेली बाई. त्यामुळे प्रतिहात चढवताना तिने आधी त्याच्या शिवणी तपासल्या, तारा कुठून कुठे जातात ते विचारलं. निलोफरने फळीवरून केतकीचं एक भांडं काढून स्पर्शवाचकात ठेवलं. बुडाशी कोरलेलं 'के' अक्षर तिने दोघांना दाखवलं.

"मॅडम, गोळ्यावर हात नुसता ठेवा. जोर लावू नका."

चाक फिरायला लागलं. उज्ज्वलाने डोळे मिटले. थोडा वेळ काही नाही, आणि मग तिचा अंगठा आत गेला, बोटं वर आली, मनगट किंचित कललं. तिने आयुष्यात कधी भांडं केलं नव्हतं, आणि तिच्या हातून मातीची भिंत वर चढत होती.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अगं बाई गं... धरलाय हो हात. धरलाय माझा."

इंगवले भिंतीला टेकून उभे होते. त्यांनाही रडू येत होतं, पण त्यात सुख होतं. वाटलं, जमलं. आज घरी जाताना बोलू आपण, आज ती माझ्याशी बोलेल.

उज्ज्वलाच्या कपाळावर आठी पडली.

"थांबव जरा. परत पहिल्यापासून लाव."

परत लावलं. या वेळी ती रडत नव्हती. रुग्णाचा हात तपासताना जसं तोंड व्हायचं तसं तिचं झालं होतं. मग तिने हात मातीवरून उचलला.

"हा केतकीचा हात नाही."

"म्हणजे काय?" इंगवले पुढे आले. "भांडं तिचं आहे. माझ्यासमोर केलंय तिने."

"भांड्याचं मला माहीत नाही. हाताचं माहीत आहे. या अंगठ्याचा वरचा सांधा वाकत नाही, श्रीरंग. जिथे अंगठा वाकायला हवा तिथे हा पहिल्या बोटाच्या कडेने दाबून वेळ मारून नेतो. केतकीचा अंगठा पार मागे जाऊन मनगटाला टेकायचा. शाळेत पोरं घाबरायची तिला. न वाकणारा सांधा मी एकच ओळखते. महिनोन् महिने घाम गाळलाय मी त्याच्यावर, आणि मेला वाकला नाही तो नाहीच."

तिने नवऱ्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. लग्नाच्या आधी उत्खननात दगड पडून इंगवल्यांचा अंगठा चेचला होता. त्यावरच्या उपचारांतच त्या दोघांची ओळख झाली होती.

"काहीतरीच काय बोलतेस!" इंगवले चिडले. "निलोफर, तू माझं भांडं ठेवलं असशील त्यात. बघ परत."

"तुमचं नाही सर. बुडाशी 'के' आहे. आत्ताच दाखवलं."

"मग गणित चुकलं असेल. आण इकडे, मी घालतो. मला कळेल."

त्यांनी प्रतिहात ओढून घातला. नवा गोळा ठेवला. चाक फिरलं. त्यांच्या हातांनी मातीत खळगा पाडला, भिंत उचलली, गळा आवळला, काठ मुडपला. नेहमीसारखं, सरावाने, सहज. भांडं तयार झालं.

"हे बंद आहे," ते म्हणाले.

"चालू आहे सर."

"अगं, कुठेही ढकलत नाहीये. एकदासुद्धा नाही. दुसरं लाव."

निलोफरने दुसरं भांडं लावलं. मग तिसरं. फळीवरचं एकेक उतरत गेलं. इंगवल्यांच्या हाताखाली एकापाठोपाठ एक भांडी उठत गेली आणि मोजा नुसता कापडासारखा हातावर बसून राहिला.

"बिघडलंय हे," ते म्हणाले. आवाज चढला होता. "तू घाल. घाल म्हणतो ना!"

निलोफरने घातला. तारा आखडल्या, तिचं बोट खस्सकन बाजूला ओढलं गेलं. तिने मोजा काढून मांडीवर ठेवला. तिला कळलं होतं. पण सांगायचं कुणी? ज्याने हा नियम जगाला समजावला, त्याला?

"सर," ती शेवटी म्हणाली, "तिला तुम्ही शिकवलं कसं?"

चाक अजून गरगरत होतं.

"मी सांगते," उज्ज्वला म्हणाली. "हा मागे बसायचा. ती पुढे. तिचे हात याच्या हातात. सहा वर्षांची होती तेव्हापासून. मी दारातून बघायचे आणि मला वाटायचं, किती प्रेमाने शिकवतोय."

"प्रेमानेच शिकवलं गं," इंगवले म्हणाले.

"मी नाही कुठे म्हणतेय?"

निलोफरला मनापासून मदत करायची होती, म्हणून ती म्हणाली, "सर, एखादं चुकलेलं भांडं असेल की तिचं. जिथं ती तुमच्यापेक्षा वेगळी गेली. ते द्या मला. तुटकं असलं तरी चालेल. तिथं प्रतिहात नक्की ढकलेल. तिथं तीच असणार."

मागणी साधी होती. इंगवल्यांनी फळीकडे पाहिलं.

"भाजलेलं नाही," ते म्हणाले. "आपली पद्धत तुला माहीत आहे. कच्चं भांडं वाळलं की मूळ भांड्याशी ताडून बघायचं. जाडी, काठ, तोटीचा बाक. जे जुळेल तेच आव्यात. जे नाही जुळणार ते..."

"ते काय?" उज्ज्वलाने विचारलं.

"पाण्यात टाकायचं. विरघळतं. माती परत वापरता येते."

"कोण टाकायचं?"

"मीच."

"किती होती अशी?"

"सुरुवातीला पुष्कळ. ती रुसायची. एकदा एक लपवलं होतं तिने ओढणीखाली, मी काढून घेतलं. नंतर कमी झाली. मग आणखी कमी." इंगवले बोलतच राहिले. "शेवटी शेवटी एकही नाही. सगळी जुळायची. मी तिला म्हटलं होतं, आता तू तयार झालीस. पेढे आणले होते मी त्या दिवशी. आठवतात तुला?"

"आठवतात," उज्ज्वला म्हणाली.

"म्हणजे तिचं एकही नाही?" निलोफरच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली.

"एकही नाही."

इंगवले स्टुलावर बसले. हाताला मातीचे थर लागले होते. त्यांनी दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले, जणू ते आजच कुणी आणून दिले होते. एवढी वर्षं त्यांनी त्या मुलीचे हात धरले होते. ते गार असायचे का ऊन, घट्ट धरायचे का सैल, त्यांना आठवेना. जे आठवत होतं ते सगळं त्यांच्याच हाताचं होतं.

"उज्ज्वला," ते म्हणाले. लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी विचारलं. "मला सांग ना गं. तिचा हात कसा होता?"

उज्ज्वलाला राग आला होता. खूप आला होता, आणि तो तिचा हक्कच होता. पण त्या प्रश्नापुढे तो टिकला नाही. ती नवऱ्याशेजारी दुसरं स्टूल ओढून बसली आणि ओल्या फडक्याने त्याच्या बोटांवरची माती पुसायला लागली.

"हलका होता," ती म्हणाली. "अगदी हलका रे. भाकरी थापायला बसली ना, तर आवाजच यायचा नाही. नुसती हात फिरवत राहायची. म्हणून मग काठ फाटायचे तिच्या भाकरीचे. कुठे जाड, कुठे पातळ. मी म्हणायचे, अशी भाकरी खाणार कोण? आणि मग मी मागून जाऊन तिचे हात धरून—"

तिचा पुसणारा हात थांबला.